गोंगाटातली शिकवणी : बोलनळीपासून हेडसेटपर्यंत

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात इस्लापूर हे गाव आहे. गावापासून थोड्याच अंतरावर सहस्रकुंड येथे पैनगंगा काळ्या खडकांवरून खाली कोसळते. भर पावसाळ्यात शाळेची सहल तेथे नेली की शिक्षकांना एक गोष्ट ताबडतोब कळते. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत सहज पोचणारा आपला आवाज येथे दोन हातांवर उभ्या असलेल्या मुलापर्यंतही पोचत नाही. ‘मागे सर’ हे दोन शब्द ऐकू न जाणे अशा ठिकाणी धोक्याचे असते. मग शिक्षक काय करतात? मुलाच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात, हाताने खूण करतात, नाहीतर सरळ दंड धरून मागे ओढतात.

गोंगाटात शिकवण्याच्या सगळ्या इतिहासात माणसाने वापरलेले उपाय मूलतः हे तीनच आहेत : तोंड कानाशी नेणे, खूण करणे आणि स्पर्श करणे. शर्यतीच्या ट्रॅकवर वेगाने गाडी चालवायला शिकवणारा प्रशिक्षक आज शिष्याशी हेडसेटमधून बोलतो. तो हेडसेट म्हणजे पहिल्याच उपायाचे सुधारलेले रूप होय. हा हेडसेट कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याचा वाटतो. पण त्याचे उत्तर शंभर वर्षांच्या अनुभवात दडलेले आहे, आणि त्यातला बराचसा भाग आपल्या शाळेतल्या ध्वनीच्या धड्यात बसणारा आहे.

प्रथम प्रश्न किती गंभीर आहे ते पाहू. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर अंतर कापते. पुढे वळण आहे आणि प्रशिक्षक म्हणतो, ‘ब्रेक!’ शिष्याला शब्द नीट कळत नाही. तो ‘काय म्हणालात?’ असे विचारतो आणि प्रशिक्षक शब्द पुन्हा उच्चारतो. यात दोन सेकंद गेले. तेवढ्यात गाडी ६६ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे वळण बहुधा मागे पडलेले असते आणि गाडी रस्त्यावर असेलच असे नाही.

शब्द कोठे हरवतो?

मोटारीच्या इंजिनाचा आवाज काढून पाहू. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० फेरे, म्हणजे २०० स्फोट. इंजिनाचा मुख्य सूर २०० हर्ट्झ वारंवारतेचा असतो तो यामुळे. त्यात टायरची घरघर आणि वाऱ्याचा सळसळाट मिसळतो. आतले अस्तर आणि गाद्या काढून हलक्या केलेल्या शर्यतीच्या गाडीत एकूण आवाज १०० डेसिबेलच्या घरात जाऊ शकतो. साधे बोलणे मीटरभर अंतरावर सुमारे ६० डेसिबेल असते. घसा फोडून ओरडलो तरी ते ८५ ते ९० डेसिबेलपर्यंत जाते. दर १० डेसिबेलला ध्वनीची शक्ती दहापट होते हे लक्षात घेतले, तर ६० आणि १०० मधील फरक चाळीसपट नसून दहा हजारपट आहे, हे ध्यानात येईल.

आता बोलण्याची घडण पाहा. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ या स्वरांमध्ये भरपूर ऊर्जा असते आणि ती मुख्यतः १००० हर्ट्झच्या खाली असते. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘प’, ‘क’ ही व्यंजने मात्र दुबळी असतात. त्यांची ओळख पटवणारा भाग बहुतांशी १५०० हर्ट्झच्या वर असतो. शब्दाला अर्थ मुख्यतः व्यंजने देतात. आणि खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या क्षीण आवाजाला झाकून टाकतो, हे अमेरिकेतील वेगेल आणि लेन या संशोधकांनी १९२४ साली मोजून दाखवले. म्हणून गोंगाटात आपल्याला कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही.

याचे मराठीतले उदाहरण ट्रॅकवर फार महत्त्वाचे आहे. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्द घ्या. दोन्हींचा शेवट ‘वीकडे’ असाच होतो. सुरुवातीचा तुकडा गोंगाटात बुडाला तर परस्परविरुद्ध अर्थाचे हे दोन शब्द ऐकणाऱ्याला सारखेच वाटतात. यंत्र कितीही चांगले असले तरी हा दोष ते दूर करू शकत नाही, कारण तो शब्दांच्या निवडीचा दोष आहे.

रबरी नळीची शाळा

वेगवान वाहनात शेजारी किंवा मागेपुढे बसून शिकवण्याचा प्रश्न मोटारीआधी विमानात तीव्र झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात प्रशिक्षक उघड्या विमानात बसून ओरडत, खांद्यावर थापट्या मारत, नाहीतर बोलण्यापुरते इंजिन मंद करत. १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने उड्डाण शिकवण्याची पद्धतच बदलून टाकली. विद्यार्थ्याने धोक्याच्या परिस्थितीत सापडणे टाळावे, ही जुनी शिकवण त्याने मोडली. त्या परिस्थितीतून सुटायचे कसे, हे हवेतच शिकवावे असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी बोलणे अपरिहार्य झाले. तेथे वापरात आलेली रबरी बोलनळी पुढे ‘गॉस्पोर्ट नळी’ याच नावाने ओळखली जाऊ लागली.

या नळीत वीज नव्हती, बॅटरी नव्हती. एका टोकाला प्रशिक्षकाच्या तोंडाशी येणारी वाटी, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याच्या टोपीत कानांपाशी बसवलेली दोन तोंडे. मोकळ्या हवेत ध्वनी चहूकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाई होते. नळीत त्याला पसरायला वाव नसतो, म्हणून तो फारसा क्षीण न होता दुसऱ्या टोकाला पोचतो. फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीवर ठेवली, तिच्यामागचे तत्त्व हेच. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप आणि वैमानिकाची बोलनळी ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

ही नळी आपल्याकडेही आली. १९२८ साली मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जुहूच्या मैदानावर मॉथ विमानांतून शिकवणी होऊ लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा याच क्लबचे विद्यार्थी. मॉथ जातीच्या विमानांत गुरुशिष्यांचा संवाद बोलनळीतूनच चाले.

इस्लापूरपुरते बोलायचे तर जवळची शाळा मुंबईची नव्हती. त्या काळी हा भाग हैदराबाद संस्थानात होता. इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते किनवट तालुक्याबरोबर तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. संस्थानातले विमानविद्येचे केंद्र म्हणजे हैदराबादजवळचे बेगमपेठ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे हवाई दलाची प्राथमिक उड्डाण शाळा होती आणि टायगर मॉथ विमानांवर नवे वैमानिक तयार होत. टायगर मॉथमध्ये प्रशिक्षक पुढे बसतो व विद्यार्थी मागे. विद्यार्थ्याला गुरूचे तोंड दिसत नाही, दिसते फक्त डोक्याची मागची बाजू. ओठ पाहून अंदाज करण्याची सोयही नाही. सारी भिस्त नळीतून येणाऱ्या शब्दांवर.

नळीचे दोषही पाहू. वाटी तोंडाला घट्ट लागली नाही तर बोलण्याबरोबर वाराही आत शिरतो. नळीला पीळ पडला तर आवाज तुटतो. आणि मुख्य म्हणजे नळी आवाज वाढवू शकत नाही. जेवढा आत गेला, त्याहून थोडा कमीच बाहेर येतो.

रणगाड्याच्या पोटात

नळीची जागा विजेने कशी घेतली, हे पाहायला रणगाड्यात शिरावे लागेल. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत पहिले रणगाडे उतरले, तेव्हा आतल्या आठ माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकूच येत नसे. मागे गिअर बदलणाऱ्या माणसांना इशारा देण्यासाठी इंजिनाच्या झाकणावर पाना आपटत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांत बसवलेल्या ‘नंबर १९’ बिनतारी संचात दूरच्या संदेशवहनाबरोबर रणगाड्यातल्या माणसांना आपसात बोलण्याचीही सोय होती. कानावर श्रवणी, हातात किंवा तोंडाशी माइक. महाराष्ट्रात अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे भारतीय चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. रणगाड्याचा चालक खाली बंद कप्प्यात बसतो आणि त्याचा प्रमुख वर बुरुजात. दोघांमधला दुवा म्हणजे कानातला आवाज. वाहन चालवणाऱ्याला हेडसेटमधून सूचना देण्याची सर्वांत कसोशीची परंपरा महाराष्ट्रात कोठे असेल, तर ती येथे.

हे सगळे शक्य झाले ते कार्बन माइकमुळे. १८७८ च्या सुमारास ह्यूज आणि हनिंग्ज यांनी दाखवून दिले, की कार्बनच्या सैल तुकड्यांवर किंवा कणांवर ध्वनीचा दाब पडला की त्यांचा विद्युतरोध बदलतो. त्यातून जाणारा प्रवाह आवाजाबरहुकूम कमीजास्त होतो. श्रवणीच्या बाबतीत अमेरिकेतील युटा प्रांतातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० साली घरी बनवलेल्या जोड्या तेथील नौदलाने स्वीकारल्या. आता आवाज वाढवता येऊ लागला. पण येथेच एक नवी अडचण उभी राहिली. माइक भेदभाव करत नाही. बोलणे वाढवतो तसा गोंगाटही वाढवतो.

माइक ओठांशीच का?

या अडचणीवर दोन उपाय निघाले. पहिला कंठमाइक. तो गळ्याला बांधतात आणि स्वरयंत्राची थरथर थेट टिपतात. हवेतला गोंगाट त्यात फारसा शिरत नाही. जर्मन रणगाड्यांतील सैनिक आणि अमेरिकन वैमानिक तो वापरत. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ हे ध्वनी स्वरयंत्रात तयार होत नाहीत. ते जीभ, दात आणि ओठ यांच्यापाशी होतात. कंठमाइकमधून स्वर स्पष्ट येतात आणि व्यंजने पुसट.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. माइकचा पडदा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवायचा. दूरचा गोंगाट दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच दाब देतो, म्हणून पडदा हलत नाही. जवळचे तोंड मात्र पुढच्या बाजूवर जास्त दाब देते. हिशेब करून पाहू. लहान उगमापासून ध्वनीचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. माइकची पुढची बाजू तोंडापासून १ सेंटिमीटरवर आणि मागची २ सेंटिमीटरवर असेल, तर दाबातला फरक १ वजा १/२, म्हणजे १/२. तोच माइक ५ सेंटिमीटरवर सरकवला, तर फरक १/५ वजा १/६, म्हणजे १/३०. केवळ ४ सेंटिमीटर मागे सरकल्याने बोलणे पंधरापट क्षीण झाले. डेसिबेलमध्ये हे सुमारे २३ होतात. महागडा हेडसेट विकत घेऊन माइक हनुवटीखाली लोंबत ठेवणाऱ्याने आपले पैसे कोठे गेले ते या हिशेबात पाहावे.

आवाजाने आवाज पुसणे

आता ऐकणाऱ्याच्या बाजूला येऊ. कानाशी गोंगाट ९५ डेसिबेल असेल आणि त्यावर बोलणे उठून दिसण्यासाठी आपण ते १०५ पर्यंत वाढवले, तर शब्द कळतील, पण कान जाईल. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली केलेल्या शिफारशीनुसार दिवसाला ८५ डेसिबेल आठ तास हीच मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करायचा. त्या हिशेबाने १०० डेसिबेलला मिळतात फक्त पंधरा मिनिटे. शिष्य दिवसभरात चार-पाच फेऱ्या मारून घरी जातो. प्रशिक्षक दिवसभर, वर्षानुवर्षे त्याच आवाजात बसतो. आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून हेडसेटचे पहिले काम बोलणे ऐकवणे हे नसून गोंगाट बाहेर ठेवणे हे आहे. कानावरच्या घट्ट वाटीने २० डेसिबेल रोखले, तर गोंगाट ७५ वर येतो आणि बोलणे ८५ वर ठेवूनही तितकेच स्पष्ट ऐकू येते.

मात्र वाटी वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवते, खालच्या पट्टीतला कमी. नेमका इंजिनाचा सूर तिच्यातून निसटतो. चष्म्याच्या काडीमुळे वाटीखाली फट राहिली तर आणखीच. यावर उपाय म्हणजे उलट कलेची ध्वनिलहर सोडून मूळ लहर पुसणे. जर्मनीतील पॉल लुएग यांनी ही कल्पना मांडली आणि १९३६ साली त्यांना अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. पण ती अमलात आणण्याइतकी चपळ इलेक्ट्रॉनिक साधने तेव्हा नव्हती. १९७८ साली विमानप्रवासात कानाला लावलेल्या श्रवणीतून गोंगाटामुळे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा अमर बोस यांनी प्रवासातच या प्रश्नाचे गणित मांडायला घेतले. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. १९८६ च्या डिसेंबरात ‘व्हॉयेजर’ विमानाने इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा दोघा वैमानिकांनी बोस यांचे प्रायोगिक हेडसेट वापरले होते. ही युक्ती खालच्या पट्टीत उत्तम चालते. वरच्या पट्टीत लहर इतक्या झपाट्याने बदलते की तिची उलट प्रत वेळेत जुळवणे कठीण जाते. म्हणून वाटी आणि उलट लहर या दोघी एकमेकींना पूरक आहेत.

ऐकू येणे आणि ध्यानात येणे

यंत्राची कथा येथे संपली असती, पण १९५५ सालच्या एका शर्यतीने तिला वेगळे वळण दिले. इटलीतील मिले मिलिया ही सुमारे सोळाशे किलोमीटरची शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून होत असे. स्टर्लिंग मॉस गाडी चालवत होता आणि शेजारी पत्रकार डेनिस जेन्किन्सन बसला होता. जेन्किन्सनने आधी रस्ता पाहून प्रत्येक वळणाची टिपणे केली होती आणि ती कागदाच्या लांब गुंडाळीवर उतरवली होती. दोघांनी विजेचा संवादसंच वापरून पाहिला. अनुभव असा आला की मॉस जिवाच्या एकाग्रतेने गाडी चालवत असताना कानात पडलेले शब्द त्याच्या ध्यानातच येत नसत. शेवटी त्यांनी संच बाजूला ठेवला आणि हातांच्या पंधराएक खुणा ठरवल्या. ताशी सरासरी १५७ किलोमीटर वेगाने, दहा तास सात मिनिटांत त्यांनी शर्यत जिंकली.

डोळ्यांवर कामाचा भार वाढला की कान जणू बहिरे होतात, हे २०११ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मॅक्डोनाल्ड आणि लावी यांनी प्रयोगशाळेत दाखवले. शिक्षकांना हे नवीन नाही. गणित सोडवण्यात गढलेल्या मुलाला आपली सूचना ऐकू जात नाही, आणि त्यात त्याचा उद्धटपणा नसतो. मात्र पुढील काळात रॅलीमधील सहचालक हेडसेटवरूनच टिपणे वाचू लागले. तेथे शब्द मोजके, आधी ठरवलेले आणि वेळेआधी उच्चारलेले असतात. मॉसच्या गाडीतला धडा ‘हेडसेट वापरू नका’ असा नव्हता. ‘वळणात बोलू नका, वळणाआधी बोला, आणि थोडे बोला’ असा तो होता.

निवड कशी करावी?

एवढा इतिहास हाताशी असला की निवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप निघतात. प्रथम वाटीची बैठक पाहावी, तीही हेल्मेट आणि चष्मा घालून. तोंड झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये कानावरच्या वाट्या मावत नसतील, तर कानात घट्ट बसणाऱ्या, बाहेरचा आवाज अडवणाऱ्या लहान श्रवण्या घ्याव्यात. माइक दोन्ही बाजूंनी उघडा, गोंगाट गाळणारा असावा आणि ओठांना जवळजवळ टेकावा. प्रशिक्षकाला स्वतःचा आवाज श्रवणीत थोडा ऐकू यावा. फ्रेंच वैद्य लोंबार यांनी १९११ साली दाखवले, की कानात गोंगाट शिरला की माणूस नकळत ओरडू लागतो. आपला आवाज ऐकू येत असेल तर तो घसा ताणत नाही.

तार की बिनतारी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बिनतारी संचात आवाजाचे अंकीकरण होऊन तो पोचेपर्यंत थोडा विलंब होतो. तो ०.२ सेकंद असला तर आपल्या आधीच्या हिशेबाने गाडी साडेसहा मीटर पुढे जाते. शेजारी बसून शिकवायचे असेल तर साधी तार पुरते. मात्र तिचा जोड हलक्या ओढीने सुटणारा असावा, म्हणजे अपघातात बाहेर पडताना ती गळ्यात अडकणार नाही. शिष्य गाडीत एकटा असेल, जसा तो कार्टिंगमध्ये असतो, तर तारेला पर्यायच नाही. बोलण्यासाठी बटण दाबावे लागणारा संच शिष्याला देऊ नये. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असले पाहिजेत. आणि हे सारे बंद ट्रॅकपुरतेच आहे. सार्वजनिक रस्त्यावर हॉर्न आणि हाक ऐकू येणे ही सुरक्षेची पहिली अट आहे.

शेवटी परीक्षा. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्ड विद्यापीठातील प्रयोगशाळेने संवादसंच पारखण्यासाठी पन्नास पन्नास शब्दांच्या याद्या केल्या. ईगन यांनी त्या १९४८ साली प्रसिद्ध केल्या. एकाने शब्द वाचायचे, दुसऱ्याने गोंगाटात ऐकून लिहायचे, आणि पन्नासपैकी किती बरोबर आले ते मोजायचे. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. पन्नास सोप्या मराठी शब्दांची यादी करावी. ‘पान, दान, कान, मान’ असे एकाच व्यंजनाने बदलणारे शब्द घ्यावेत, म्हणजे अंदाजाने उत्तर येणार नाही. रेडिओचा खरखराट मागे लावून, प्रथम साध्या आवाजात, मग गॉस्पोर्टसारखी रबरी नळी व नरसाळे वापरून आणि शेवटी हेडसेटवरून तेच मोजावे. दर वेळी यादीचा क्रम बदलावा. एका साधनाने ४१ आणि दुसऱ्याने ४३ गुण मिळाले, तर दुसरे चांगले असे घाईने म्हणू नये. पन्नास शब्दांच्या चाचणीत दोनतीन शब्दांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पाच-सहा वेळा करून सरासरी काढावी.

मग त्याच यादीत ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्द घालून कितीदा गफलत होते ते पाहावे. आणि त्यांच्याऐवजी कोणते दोन शब्द गोंगाटातही वेगळे ओळखू येतील, ते विद्यार्थ्यांनाच शोधायला सांगावे. ट्रॅकवरचा चांगला प्रशिक्षक हेच काम गाडी सुरू करण्यापूर्वी करतो. तो शिष्याबरोबर आठदहा शब्द ठरवून घेतो, आणि संच मध्येच बंद पडला तर वापरायची एक हाताची खूणही.